हजार छापू की शंभर?

'ताई, छपाईचा रेट काय आहे?'

छापखान्याच्या दारात येणाऱ्या दहांपैकी आठ बायका पहिला प्रश्न हाच विचारतात. खरं तर साडी घ्यायला गेल्यावर आपण असं विचारतो का? सुती की सिल्क, रोजची की लग्नाकार्याची, धुतल्यावर रंग जाईल का, पदर कसा आहे, सगळं पाहून मग किंमत विचारतो. वाटाण्याच्या शेंगासुद्धा दोन सोलून पाहतो. पण छपाई म्हटली, की ही चोखंदळ बाई एकदम गप्प होते. समोरचा म्हणतो, 'ऑफसेट करूया, हजार काढा, स्वस्त पडेल.' ती म्हणते, 'बरं.' दुसरा म्हणतो, 'आता कोण ऑफसेट करतं? डिजिटल करा, लगेच मिळेल.' त्यालाही ती म्हणते, 'बरं.'

या 'बरं'ची किंमत कधी दोन हजार असते, तर कधी चाळीस हजार. म्हणून मैत्रिणींनो, आज जरा या विषयावर बोलूया.

मी लग्न होऊन या तालुक्याच्या गावी आले, तेव्हा सासऱ्यांचा छापखाना खिळ्यांवर चालायचा. एकेक अक्षर चिमट्यासारखं उचलून ओळ जुळवायची आणि पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर छापायची. पुढे कॉम्प्युटर आला, मी डीटीपीचा कोर्स केला, मग एक सेकंडहँड, एकरंगी ऑफसेट मशीन आलं. ते आजही चालू आहे. रंगीत काम आणि डिजिटल काम आम्ही जिल्ह्याच्या गावाहून करून आणतो. म्हणजे, दोन्हींशी माझा रोजचा संबंध आहे. आणि हे आधीच सांगते, की ऑफसेटच्या कामात आमच्या घरचं मशीन चालतं, डिजिटलमध्ये आम्हाला फक्त थोडी वरकड सुटते. तरीही जे सांगणार आहे ते खरं तेच सांगणार आहे.

तेलाच्या हाताला पाणी लागत नाही

ऑफसेट म्हणजे काय, हे कळायला इंजिनीयर व्हायची गरज नाही. तेलाने माखलेला हात पाण्याखाली धरला तर पाणी नुसतं ओघळून जातं, हे आपल्याला स्वयंपाकघरात रोज दिसतं. ऑफसेटचं सगळं शास्त्र एवढंच.

याचा शोध लागला तोही असाच घरगुती गोष्टीतून. जर्मनीतल्या बव्हेरियात ॲलॉइस सेनेफेल्डर नावाचा एक नाटककार होता. आपली नाटकं स्वस्तात छापता यावीत म्हणून तो दगडांवर खटपट करत बसायचा. १७९६ मध्ये एके दिवशी आईने त्याला धुण्याला द्यायच्या कपड्यांची यादी लिहून घे म्हणून सांगितलं. हाताशी कागद नव्हता, म्हणून मेण, साबण आणि काजळी यांच्या तेलकट शाईने त्याने ती यादी शेजारच्या चुनखडीच्या दगडावरच लिहून टाकली. त्या यादीपासून सुरू झालेल्या प्रयोगांतून पुढच्या काही वर्षांत लिथोग्राफी, म्हणजे आपल्याकडची 'शिळाछाप' छपाई तयार झाली. जिथे तेलकट अक्षर तिथे शाई धरते, बाकीचा ओला दगड शाई नाकारतो. धुण्याच्या यादीने जगाची छपाई बदलली असं म्हटलं, तर फारसं चूक नाही!

आपल्या महाराष्ट्राशी तर या शिळाछापाचं जुनं नातं आहे. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापलं ते १८३१ मध्ये. आणि राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला, नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलवलेला छापखाना हाही दगडावरचाच. आपल्या पणजीच्या देवघरातली ती कमळातली लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती घरोघरी पोचली ती या छापखान्यामुळे. त्याआधी मोठ्या चित्रकाराने काढलेलं देवीचं चित्र साध्या घरात येणं सोपं नव्हतं.

आता दगडाची जागा ॲल्युमिनियमच्या पातळ प्लेटने घेतली आहे. प्लेटवरची शाई आधी रबराच्या ब्लँकेटवर उतरते आणि तिथून कागदावर. थेट न छापता मध्ये एक टप्पा घेतला, म्हणून नाव ऑफसेट. एका रंगाला एक प्लेट. रंगीत फोटो छापायचा तर निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चार शाया, म्हणून चार प्लेट. त्या मशीनवर चढवायच्या, शाई-पाण्याचा मेळ बसवायचा, चारही रंग एकमेकांवर अचूक बसेपर्यंत काही कागद वाया घालवायचे. या तयारीला वेळही लागतो आणि पैसाही. पण एकदा मशीन लागलं, की मग ते तासाला हजारोंनी कागद फेकतं आणि पुढच्या प्रत्येक कागदाला खर्च फक्त कागदाचा आणि थोड्या शाईचा.

डिजिटलचा जन्म झेरॉक्सच्या घराण्यातला. चेस्टर कार्लसन या अमेरिकन माणसाने सुरुवातीचे प्रयोग आपल्या घरच्या स्वयंपाकघरात केले (गंधकाच्या वासाने घरचे किती वैतागले असतील याची कल्पना आपण करू शकतो!) आणि २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या ॲस्टोरिया भागात त्याची पहिली प्रत उमटली. विजेच्या भाराने कोरडी पूड कागदाकडे ओढायची आणि उष्णतेने ती कागदावर चिकटवायची, ही त्यातली युक्ती. रंगीत डिजिटल छपाईची मशीनं बाजारात आली ती १९९३ मध्ये. इथे प्लेट नाही, मशीन लावणं नाही. कॉम्प्युटरवरून फाइल पाठवली की पहिलाच कागद पूर्ण तयार. पण पहिल्या कागदाला जेवढा खर्च, जवळपास तेवढाच हजाराव्यालाही.

थोडक्यात सांगायचं तर, ऑफसेट म्हणजे लग्नघरातला आचारी. तो चूल मांडणार, मोठी पातेली चढवणार, पण मग पाचशे पानं उठली तरी त्याला फरक पडत नाही. डिजिटल म्हणजे घरचा गॅस. चार जणांचा चहा झाला की बंद. चार कप चहासाठी कुणी आचारी बोलावत नाही, आणि पाचशे माणसांचा वरणभात कुणी घरच्या कुकरमध्ये लावत नाही. कुठलं चांगलं हा प्रश्नच नाही. पंगत किती माणसांची, हा प्रश्न आहे.

बाईंचा कवितासंग्रह

आमच्या गावातल्या एक निवृत्त शिक्षिका. गावात सगळेच त्यांना 'बाई' म्हणतात, मीही त्यांना बाईच म्हणते. आयुष्यभर त्या कविता लिहीत आल्या, पण शाळा, संसार, सासूबाईंचं आजारपण यांत वही कपाटातच राहिली. मागच्या वर्षी त्यांनी एक ठेव मोडायचं ठरवलं आणि वही घेऊन माझ्याकडे आल्या.

'हजार प्रती काढायच्या गं. एक आवृत्ती म्हणजे हजारच ना?'

'बाई, कुणाकुणाला देणार आहात? नावं सांगा बरं.'

बाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. नातेवाईक, जुन्या सहकारी, वाचनालय, भजनी मंडळ, माजी विद्यार्थी. मोजता मोजता ऐंशीवर गाडी अडली. ओढूनताणून शंभर.

मग मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. आकडे गावोगावी आणि कागदागणिक बदलतात, तेव्हा तुम्ही हे उदाहरण म्हणूनच धरा. पुस्तक ९६ पानांचं. ऑफसेटला प्लेट, मशीन लावणं, मुखपृष्ठाचे चार रंग, वाया जाणारा कागद असा सुरुवातीचा खर्च समजा २०,००० रुपये. त्यावर प्रत्येक प्रतीचा कागद, छपाई, बांधणी २५ रुपये. म्हणजे हजार प्रतींचे ४५,००० रुपये, प्रत ४५ रुपयांना पडली. डिजिटलला सुरुवातीचा खर्च नाही, पण प्रत पडणार ११० रुपयांना.

'अगं, मग ऑफसेटच स्वस्त की! पंचेचाळीस कुठे आणि एकशे दहा कुठे!' बाई म्हणाल्या.

इथेच सगळ्यांची फसगत होते. प्रत ४५ रुपयांना पडते ती हजारच्या हजार प्रती कुणाच्या तरी हातात गेल्या तर! शंभरच गेल्या, तर त्या प्रत्येक प्रतीला बाईंनी ४५० रुपये मोजले असं होतं. बाकीच्या नऊशे पलंगाखाली. शंभर प्रती डिजिटलवर काढल्या तर एकूण खर्च ११,०००. शंभर प्रती ऑफसेटवर काढायच्या म्हटलं तरी २२,५०० होतात, कारण सुरुवातीचे वीस हजार काही सुटत नाहीत. तीनशे प्रती लागणार असतील तर मात्र पारडं फिरतं: ऑफसेटचे २७,५०० आणि डिजिटलचे ३३,०००. या हिशेबात दोन्ही खर्च बरोबरीला येतात ते २३५ प्रतींच्या आसपास. त्याच्या आत डिजिटल, त्याच्या वर ऑफसेट.

पलंगाखालच्या प्रतींचं दु:ख मी पाहिलेलं आहे. गावोगावी अशी घरं आहेत. गठ्ठे सुतळीने बांधलेले, पहिल्या पावसाळ्यात ओल धरते, दुसऱ्यात वाळवी लागते. सून येता-जाता म्हणते, 'हे कधी हलणार?' आणि जिने हौसेने पुस्तक काढलं, तिला स्वत:च्याच कविता नकोशा होतात. पैसे जातात ते जातातच, पण 'आपलं कुणाला नको आहे' असं मनाला लागून राहतं. वास्तविक शंभर वाचकांना ते हवं होतं. चूक कवितेची नव्हती, आकड्याची होती.

हे काम मी जिल्ह्याला पाठवणार म्हटल्यावर आमचे हे संध्याकाळी म्हणालेच, 'दारात आलेलं काम स्वत:च परत पाठवतेस. मशीनचा हप्ता कोण भरणार?' त्यांचंही खोटं नव्हतं. त्या महिन्यात मशीन चार दिवस उभंच होतं. मी म्हटलं, 'हजार प्रती छापून बाईंकडून एकदा पैसे मिळतील. पण त्या पलंगाखालच्या गठ्ठ्याकडे बघून पुन्हा कधी आपल्या दारात येतील का? आणि दुसऱ्या कुणाला पाठवतील का?' ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मुखपृष्ठाची फाइल त्यांनीच जिल्ह्याला पाठवली.

बाईंच्या शंभर प्रती आल्या. वाचनालयाच्या सभागृहात छोटासा प्रकाशन समारंभ झाला. दोन महिन्यांनी बाई पुन्हा आल्या, आणखी साठ प्रती हव्या होत्या. माजी विद्यार्थ्यांनी फोन करून मागवल्या होत्या. यावेळी त्यांनी पहिल्या छपाईत राहून गेलेल्या तीन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही दुरुस्त करून घेतल्या. प्लेट नसल्यामुळे त्याला वेगळा खर्च आला नाही. हजार छापल्या असत्या तर त्या चुका हजार वेळा छापल्या गेल्या असत्या!

पुस्तक काढणाऱ्या मैत्रिणींसाठी जाता जाता एक गोष्ट. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक भारतात केंद्र सरकारच्या यंत्रणेकडून मोफत मिळतो. 'तो काढून देतो' म्हणून कुणी हजारो रुपये मागत असेल, तर ते पैसे क्रमांकाचे नाहीत, त्याच्या कष्टाचे आहेत. ते किती द्यायचे हे तुम्ही ठरवा.

जिथे ऑफसेटच हवं

आता याच्या उलट गोष्ट. शेजारच्या गावातली महिला पतसंस्था. सभासद चौदाशे. दरवर्षी वार्षिक सभेआधी चाळीस पानी अहवाल प्रत्येकीला द्यायचा. नव्या चिटणीस झालेल्या ताईंचा मुलगा पुण्याला असतो. त्याने आईला सांगितलं, 'हल्ली सगळं डिजिटलच असतं, तेच कर.' ताई तसंच ठरवून आल्या होत्या.

मी त्यांना एकच विचारलं, 'ताई, चौदाशे प्रतींत एक तरी पान वेगळं आहे का?' नव्हतं. मजकूर काळ्या शाईतला, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, शेवटी संचालिकांचे फोटो. ऑफसेटवर हे काम निम्म्याहून कमी पैशांत होत होतं. वाचलेले पैसे सभासदांचेच. फक्त एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे वेळ. ऑफसेटला प्लेट, छपाई, शाई वाळणं, घड्या, पिना असं सगळं धरून आठ-दहा दिवस हाताशी हवेत. सभा तीन दिवसांवर आल्यावर ऑडिट झालेला ताळेबंद घेऊन धावत आलात, तर डिजिटलशिवाय पर्याय राहत नाही. मग त्या घाईची किंमत सभासद भरतात. त्यामुळे पुष्कळदा ऑफसेट की डिजिटल हे छापखान्यात ठरत नाही, ते ठरतं तुमच्या कॅलेंडरवर.

पावतीपुस्तकं, पासबुकं, शाळेची प्रगतिपुस्तकं, गणपतीतली आरतीची पुस्तिका, दुकान उघडल्याची पाच हजार हँडबिलं ही सगळी ऑफसेटची कामं. मुलीच्या बारशाची साठ आमंत्रणं, हळदीकुंकवाची पन्नास कार्डं, सासूबाईंच्या पंचाहत्तरीला त्यांच्या हातच्या पाककृतींची तीस पानी वही, ही डिजिटलची. आणि जिथे प्रत्येक कागदावर नाव किंवा क्रमांक वेगळा आहे, म्हणजे स्पर्धेची प्रमाणपत्रं, ओळखपत्रं, तिथेही डिजिटल सोयीचं. प्रत्येकीचं नाव हाताने लिहीत बसावं लागत नाही.

लग्नपत्रिकेचं म्हणाल, तर आता बहुतेक आमंत्रणं फोनवरच जातात. छापील पत्रिका उरली ती देवापुढे ठेवायला आणि मानाच्या घरी अक्षत द्यायला. पूर्वी पाचशे पत्रिका छापणारं घर आता शंभरावर थांबतं. तिथे हजाराच्या भावाचा मोह धरण्यात काय अर्थ?

चटणीच्या पाकिटावरचं लेबल

बचत गटाच्या मैत्रिणींनी हा भाग जरा नीट वाचा.

सात जणींचा एक गट शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची चटणी करतो. महिन्याला तिन्ही मिळून साधारण दीडशे पाकिटं जातात. एका एजंटाने त्यांना प्रत्येक चटणीची पाच-पाच हजार लेबलं छापायला सांगितली होती. 'लेबल साठ पैशाला पडेल,' म्हणाला. हिशेब केला, तर पंधरा हजार लेबलांचे नऊ हजार रुपये, आणि महिन्याला दीडशे या वेगाने ती संपायला लागणार शंभर महिने. आठ वर्षांहून जास्त! गटाचं भांडवलच तेवढं, ते लेबलात अडकलं तर शेंगदाणे कशाने आणायचे?

शिवाय लेबल म्हणजे काही नुसतं चित्र नाही. त्यावर घटकपदार्थ, निव्वळ वजन, किंमत, पत्ता, शाकाहारी असल्याची हिरवी खूण, अन्नसुरक्षेचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक असं बरंच असतं. यातली एक गोष्ट बदलली की सगळा गठ्ठा रद्दी. शेंगदाणा महागला, किंमत बदलली. गटाची जागा बदलली, पत्ता बदलला. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, पॅकबंद नमकीनवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनाही जुनी किंमत छापलेल्या वेष्टनांचा प्रश्न पडला होता. त्यांचं निभावतं. सात जणींच्या गटाचं निभावत नाही.

मी त्यांना सांगितलं, सुरुवातीला डिजिटल. मोठ्या स्टिकर कागदाच्या एका शीटवर अडीच बाय चार इंचाची सोळा लेबलं बसतात. शीट समजा वीस रुपयांना पडली, तर लेबल सव्वा रुपयाला. साठ पैशांच्या दुप्पट झालं खरं, पण अडतीस शीट काढल्या की ७६० रुपयांत सहाशे लेबलं हातात. चार महिन्यांचं काम झालं. तिन्ही चटण्यांची लेबलं आपल्या खपाप्रमाणे कमी-जास्त करता येतात. आणि कोणती चटणी खपत नाही हे कळलं, तर ते लेबल पुन्हा काढायचंच नाही.

पुढे गटाचा जम बसला, महिन्याला हजार पाकिटं जायला लागली, की मग मधला मार्ग आहे. गटाचं नाव, चिन्ह, रंगीत चौकट असलेलं एकच लेबल ऑफसेटवर हजारोंनी छापून ठेवायचं आणि मधली जागा कोरी सोडायची. चटणीचं नाव, वजन, किंमत, तारीख हे बदलतं ते लागेल तसं त्या कोऱ्या जागेत छापून घ्यायचं. जो भाग बदलत नाही तो ऑफसेटला, जो बदलतो तो डिजिटलला. स्मरणिकेतही हेच करता येतं. आतली काळी पानं ऑफसेटवर, थोड्या प्रती असतील तर रंगीत मुखपृष्ठ डिजिटलवर.

लेबल पसंत करण्याआधी घरीच एक परीक्षा घ्या. नमुन्याचं लेबल पाकिटावर चिकटवा, तेलाचं बोट त्यावर फिरवा, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढून दमट झालेलं फडक्याने घासा. अक्षर पुसट झालं, कड सुटली, तर लॅमिनेशन किंवा प्लॅस्टिकचा स्टिकर कागद मागा. आणि छापलेला कागद, मग तो कुठल्याही पद्धतीने छापलेला असो, थेट खाद्यपदार्थाला लागता कामा नये. वर्तमानपत्रात भजी-वडे बांधू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये पुन्हा बजावलं होतं, ते शाईसाठीच.

नजरेला काय दिसतं?

'दोन्हींत फरक दिसतो का हो?' हाही प्रश्न नेहमीचा. चांगल्या मशीनवर काढलेलं काम असेल, तर सहसा पटकन दिसत नाही. बारकाईने पाहिलं तर ऑफसेटची शाई कागदात मुरल्यासारखी दिसते. बऱ्याच डिजिटल मशीनवरची पूड कागदाच्या वर बसते, उजेडात तिरकं धरलं तर अक्षर किंचित चमकतं. त्यामुळे गडद रंगाचं डिजिटल कार्ड घडी घालताना घडीवर तडा जाऊन पांढरी रेघ दिसू शकते. त्याला आधी मशीनने घडीची रेघ मारून घेतात, त्याला क्रीजिंग म्हणतात. ते आठवणीने सांगा. खरा सोनेरी रंग किंवा गटाचा ठरलेला एकच हळदी पिवळा दरवेळी तसाच हवा असेल, तर ऑफसेटला तशी वेगळी शाई घालता येते. आणि मोबाइलच्या पडद्यावर जो झगझगीत रंग दिसतो, तो कागदावर कशानेच येत नाही. पडदा स्वत: उजेड फेकतो, कागद फेकत नाही. म्हणून पडद्यावर रंग पसंत करू नका, कागदावर पाहा.

डिजिटलचा एक फायदा असा, की एक खरी प्रत आधी काढून पाहता येते. ऑफसेटला प्लेट झाल्यावर चूक सापडली, तर ती प्लेट पुन्हा. म्हणून प्रूफ घरी न्या. नावं, तारखा, फोन नंबर मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा आणि मगच सही करा. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की जोडाक्षरं आणि रफार फुटतात. 'सर्व'चा भलताच शब्द होतो. तेव्हा फाइल पीडीएफ करूनच द्या-घ्या. फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो बारीक होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

छापखान्यात हे विचारा

रेट विचारण्याआधी घरी बसून तीन गोष्टी कागदावर लिहा. किती प्रती खरोखर कुणाच्या हातात जाणार आहेत? कधीपर्यंत हव्या आहेत? आणि पुढच्या सहा महिन्यांत यातलं काय बदलू शकतं?

मग छापखान्यात जाऊन विचारा. दोन्ही पद्धतींचे वेगवेगळे भाव द्या. शंभरचा, तीनशेचा आणि हजाराचा भाव वेगळा लिहून द्या. प्लेटचे पैसे किती, छपाईचे किती, कागदाचे किती, बांधणीचे किती? कागद किती जीएसएमचा, त्याचा नमुना दाखवा. पुन्हा छापायची वेळ आली तर प्लेट ठेवलेल्या असतील का, की परत पैसे पडतील? आणि काम झाल्यावर माझी फाइल मला मिळेल ना? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. डिझाइनचे पैसे तुम्ही दिले असतील, तर फाइल मिळण्याची बोली कामाआधीच करून ठेवा. पेनड्राइव्हवर घ्या, मेलवर घ्या, पण घ्या. नाहीतर पुढच्या वेळी किंमतीचा एक आकडा बदलायलासुद्धा त्याच दारात थांबावं लागतं.

एवढे प्रश्न विचारले तर समोरचा वैतागेल असं वाटतं ना? मी काउंटरच्या या बाजूला उभी असते, म्हणून सांगते. ज्याला नीट काम करायचं आहे, त्याला असं गिऱ्हाईक आवडतं. कारण काय हवं ते तिला ठाऊक असतं, नंतर कटकट होत नाही. आणि जो वैतागतो, त्याच्याकडे काम द्यायचं की नाही, हे त्याने तुम्हाला तिथेच सांगितलेलं असतं.

गेल्या आठवड्यात चटणीच्या गटातल्या दोघी आल्या होत्या. आल्या आल्या त्यातल्या धाकटीने पिशवीतून वहीचं पान काढलं. त्यावर तीन ओळी लिहिलेल्या. किती, कधीपर्यंत, काय बदलेल. म्हणाली, 'वहिनी, आता सांगा, कशावर छापायचं?' मी त्या पानाकडे पाहिलं आणि म्हटलं, 'अगं, यात सांगायचं काय उरलंय? तूच सांग.'

तिने सांगितलं, ते बरोबर होतं.